दगडी उतारावरची डेझी

जागृती मेश्रामने चिपच्या कंपनीत वीस वर्षं टेस्टिंग केलं. मग एका सकाळच्या मीटिंगमध्ये तिच्यासकट अख्ख्या टीमचीच नोकरी गेली. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलचं अपार्टमेंट दिवसभर खायला उठायचं, म्हणून ती समुद्राजवळच्या एका वनस्पती उद्यानात व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागली. तिला ऑस्ट्रेलियातल्या झाडांचा विभाग मिळाला.

तिथे डेझीची झुडपं होती. डेझी म्हणजे वाफ्यातलं छोटं फुलझाड, एवढंच तिला ठाऊक. ही मात्र लाकडी खोडाची, करड्या पानांची, माणसाएवढी वाढणारी. ऑलिअरिया त्यांचं नाव. भिंतीलगतच्या उबदार, भरपूर खत घातलेल्या वाफ्यात ती दर उन्हाळ्यात माना टाकायची. विभागप्रमुख एलेनने अखेर ती काढून टाकायचं ठरवलं.

त्याच डिसेंबरात, तिथल्या उन्हाळ्यात, जागृती ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर मैत्री या आपल्या बहिणीकडे गेली. डोंगरावर फिरताना एका वळणावर ती थबकली. तीच झुडपं, दगडगोट्यांच्या उतारावर, धुक्यात, वारा अंगावर घेत पांढऱ्या फुलांनी लगडलेली. तिने मातीत बोटं घातली. गार, ओलसर, पण पाणी कुठे साचलेलं नाही. मैत्री गारठून चल चल म्हणत होती, आणि ही उकिडवी बसून राहिलेली.

परतल्यावर ती थेट एलेनकडे गेली. "ही झाडं नाजूक नाहीत, आपणच त्यांचे नको ते लाड करतोय," ती म्हणाली, आणि समुद्राकडचा उत्तरेचा गार उतार मागितला. तिथल्या दगडांमुळे कुणी काही लावत नसे. एलेनने खांदे उडवले, पण नाही म्हटलं नाही.

जागृतीने उरल्यासुरल्या झुडपांच्या फांद्यांपासून रोपं केली, खताशिवाय लावली. पहिल्याच वर्षी निम्मी गेली. "इतका स्ट्रेस कशाला घेतेस यार? सोड ना," तिचा नवरा रवी म्हणाला. तिने पुन्हा लावली. मग तोही शनिवारी कुदळ घेऊन यायला लागला.

तिसऱ्या एप्रिलात उतार फुलला. खालून वरपर्यंत पांढराशुभ्र, मधमाश्यांनी घुमणारा. माणसं वाट वाकडी करून बघायला येऊ लागली. रविवारी तिच्या बुद्धविहारातली मंडळी गाड्या भरभरून आली, तेव्हा जागृती पुढे आणि सगळे तिच्या मागे. एलेनही उतार चढून गेली.

"हा विभाग आता तू सांभाळ," ती म्हणाली. "पगारी."

जागृती हो म्हणाली. सोमवारी कामावर रुजू होताच तिने भिंतीलगतचा वाफा उकरून त्यातली खताची माती काढायला घेतली.