तीन मिलिमीटर माया

छापखान्यात ताईला सगळे ताईच म्हणतात. मालकसुद्धा, आणि मालक तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ, त्याच छापखान्यात कटिंग मशीनवर. मला 'कटर' म्हणतात. चाळीस वर्षं कागद कापतोय, आणखी काय म्हणणार?

ताईबद्दल सांगायचं तर सुरुवात आईपासूनच करावी लागेल. आई शिवणक्लास घ्यायची. आमच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली म्हणजे तो क्लास. चार मशिनं, एक लांब टेबल आणि जमिनीवर चिंध्यांचा सडा. पायात टाचणी टोचली नाही असा लहानपणीचा एक दिवस आठवत नाही. आई डावखुरी होती, म्हणून उजव्या मनगटावर घड्याळ, डाव्या हातात कात्री. आणि तोंडी एकच पालुपद, "पोरींनो, माया ठेवा गं!" शिलाईच्या बाहेर बोटभर कापड जास्तीचं सोडतात ना, ती माया. "बाहेरून दिसत नाही ती," आई म्हणायची, "पण नसली की पहिल्याच धुण्यात कपडा उसवतो." तेव्हा मला या शिकवणीचा वैताग यायचा. आज कुठे खडूचा आणि मशीनच्या तेलाचा वास एकत्र आला, तर मी आहे तिथेच बसून घेईन.

ताईचा हात आईवर गेलेला. तो हात बघूनच मालकांनी तिला नोकरी दिली. तेव्हा पानं हाताने जुळवायचे. मजकुराच्या पट्ट्या कात्रीने कापायच्या आणि आखलेल्या कागदावर गोंदाने चिकटवायच्या. ताईने पट्टी कापली की मालक म्हणायचे, "हिच्यावरून फूटपट्टी तपासून घ्या रे."

मग कॉम्प्युटर आले. ताईची कात्री खोक्यात गेली आणि ताई बाइंडिंगला, पानं मोजायला. पंधरा वर्षं हूं की चूं नाही. तिच्या जागी मी असतो तर छापखाना डोक्यावर घेतला असता.

पुढे आणखी एक नवीन खूळ आलं. गिऱ्हाइकं घरबसल्या, इंटरनेटवरच्या डिझाइनच्या टूलमध्ये स्वतःच कार्डं नि कव्हरं करून पाठवायला लागली. स्क्रीनवर काय ती शोभा! आणि माझ्या पात्याखाली आलं की कडेला पांढरी रेघ, नाहीतर नावाचं शेवटचं अक्षर गायब. कापणारा मी, म्हणजे बोलणीही मीच खायची. चोर सोडून संन्याशाला फाशी! एकदा असाच माझा आरडाओरडा चालला होता, तेव्हा ताई बाइंडिंगच्या टेबलावरून उठून आली. कापलेलं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "अरे, यांनी माया नाही ठेवली."

झालं. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. मी म्हटलं, "डोंबल जमणार तुला!" तीन महिन्यांत मालक सगळ्या फाइली आधी तिच्याकडे धाडायला लागले.

तिने त्या टूलला शिवणक्लासच करून टाकलं. पानाबाहेर तीन मिलिमीटर रंग सोडतात, ज्याला आम्ही ब्लीड म्हणतो, ती तिची माया. कापायच्या खुणा म्हणजे खडूच्या रेघा. फोटोत ठिपके कमी असले की फोनवर गिऱ्हाइकाला सांगायची, "इंचाला तीनशे टाके लागतात हो, तुमचे सत्तरच आहेत. विरलेलं दिसेल." छापल्यावर फिका पडणारा, स्क्रीनवरचा भडक निळा रंग बघितला की, "हा धुतल्यावर उतरणार." शेवटी सगळे थर एकत्र सपाट करून पीडीएफ उतरवायची, तिला म्हणायची इस्त्री. गिऱ्हाइकं हसायची, पण दुसऱ्या वेळेला माया ठेवून फाइल पाठवायची.

आणि मग या वर्षी आईच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या. त्याही आता साठीच्या. आईच्या आठवणींची आडवी पुस्तिका काढायची होती, पाचशे प्रती. कव्हरवर क्लासचा तो फोटो, अगदी कडेपर्यंत.

तो फोटो म्हटल्यावर मी चालू मशीन बंद केलं.

आईचा तेवढा एकच फोटो आहे. फोटोवाला आला तेव्हा तिने पोरींना मध्ये बसवलं आणि स्वतः धावतपळत उजव्या टोकाला येऊन उभी राहिली. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, कटिंग मशीनवर लागून जेमतेम महिना झालेला. फोटो चौकटीत बसेना. ताई म्हणाली, मोठी चौकट आणू. पण मी पडलो कारागीर! गेलो छापखान्यात, पात्याखाली फोटो धरला आणि खच्. पांढरी कड जाईल म्हणून कापला, गेला आईचा डावा हात. खांद्यापासून खाली, कात्रीचा हात. कापलेली पट्टी त्याच दिवशी रद्दीत गेली. फोटोवाल्याकडे निगेटिव्हही शिल्लक नव्हती.

ताई ओरडली नाही. दोन महिने बोलली नाही. मग एके दिवशी म्हणाली, "जेवायला ये." त्यानंतर आजपर्यंत त्या फोटोचा विषय आमच्या घरात निघालेला नाही. दोघंच राहतो, ती अविवाहित, मी सडाफटिंग, आणि भिंतीवर ती एका हाताची आई.

मी तिला म्हटलं, "ताई, सभोवार पांढरी चौकट टाक. कापायचा प्रश्नच नको. नाहीतर आणखी तीन मिलिमीटर जातील, आईचा कान जाईल."

"पांढऱ्या चौकटीत ती तशीच दिसेल," ती म्हणाली. "चाळीस वर्षं बघतेय मी तशी."

आठ दिवस ती त्या फाइलला चिकटून होती. फोटोच्या डाव्या बाजूला नुसती मोकळी भिंत होती. सगळा फोटो तिकडे सरकवून तिने उजवीकडे जागा केली. मग मला हाक मारली. "बाह्या कशा कापतात, आठवतं का रे?"

"एकाच कागदावरून. एक सरळ, एक उलटी."

"मग!" म्हणाली आणि माऊस दाबला. आईचा उजवा हात उचलला, उलटवला आणि डाव्या खांद्याला नेऊन जोडला. त्याच्यापलीकडे भिंतीचा तुकडा लावला. आणि सगळ्यात बाहेर, खडूच्या रेघेपलीकडे, तीन मिलिमीटर माया.

मी उठून मशीनकडे गेलो आणि उगाचच पातं पुसत बसलो.

पुस्तिका बांधून माझ्याकडे आल्या. मी मालकांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी कापू द्या. मालकांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "तोच कापेल." मी पहिला गठ्ठा लावला, दाबपट्टी खाली घेतली, खूण तीनदा तपासली. दोन्ही बटणं दाबली.

प्रत काढून बघितली. हात होता. अख्खा, बोटांसकट. मी ढसाढसा रडलो, सगळ्यांदेखत. पुढचे गठ्ठे धुरकट डोळ्यांनीच कापले. शेवटचा गठ्ठा उचलला तेव्हा कुठे नीट दिसायला लागलं, आणि मी बोंब ठोकली, "ताई! घोटाळा! आईच्या दोन्ही मनगटांवर घड्याळ आहे!"

ताई चष्मा सारखा करत आली. बघितलं. कपाळावर हात मारला. "अगं बाई! हात उलटवला आणि घड्याळ काढायचं राहिलं." आणि जी हसत सुटली, ती खुर्चीत बसेपर्यंत.

"मालकांना सांगून कव्हरं पुन्हा छापू," मी म्हटलं.

"काही नको. सदा घाईत असायची, दोन घड्याळं लागलीच असती तिला. हात आला ना परत?" ती डोळे पुसत म्हणाली. "आता पुरे कर ते मनाला लावून घेणं."

जाताना तिने एक सुटं कव्हर घरी घेतलं, न कापलेलं. भिंतीवरची जुनी चौकट उतरवली, कव्हर लावून पाहिलं. बसेना, चारी बाजूंनी बोटभर मोठं. तिने ते माझ्यापुढे धरलं.

"उद्या नेऊन काप. माया आहे त्याला."

मी तिच्या हातातून जुनी चौकट काढून घेतली.

"मायेसकट लावू," म्हटलं, "चौकट मोठी आणतो." आणि चपला घालून बाहेर पडलो.