कॉफीची भरड

फ्रेंच प्रेस या कॉफीच्या नव्या भांड्याच्या खोक्यावर लिहिलं होतं, कॉफी भरड हवी. खामगावात बसून बिया मागवता आल्या, पण आमच्या मिक्सरने त्यांचं पार पीठ करून टाकलं. भांड्यातला गाळणीचा दांडा खाली जाईना. मी चिडून जोर लावला, तसा गरम काळा लगदा उसळून ओट्यावर सांडला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. बीबी गावचं घर बंद करून आमच्याकडे येऊन त्यांना चार महिने झाले होते, पण राहायच्या पाहुण्यासारख्या. पाणीसुद्धा विचारून घ्यायच्या. भाजी अळणी झाली तरी "चांगली झाली" म्हणायच्या. त्या चांगुलपणाने माझा जीव गुदमरायला लागला होता.

"भरड पाहिजे ना? मंग मिक्सरात काऊन घातलं वं?" म्हणत त्यांनी बाल्कनीतलं लहान जातं ओढून आणलं. ते त्यांनीच बीबीहून आणलेलं. मी त्यावर कुंडी ठेवली होती. "मोठी मूठ टाकायची, म्हणजे डाळीसारखं भरड निघते."

या वेळी दांडा अलगद खाली गेला. मी त्यांना अर्धा कप दिला. एका घोटातच त्यांचं तोंड वाकडं झालं.

"कळू जहर हाय! अन् तुहा चहाही पाणचटच रायते. उद्यापासून चहा मीच करत जाईन."

चार महिन्यांत पहिल्यांदाच त्या माझ्यावर डाफरल्या होत्या, आणि मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. त्यांचं लक्ष नव्हतं. मला न विचारता त्या साखरेचा डबा वरच्या फळीवरून काढून खालच्या फळीवर, आपला हात पोचेल असा ठेवत होत्या.