नोंद न सापडलेली माणसे

आमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचा नवरा वारला, तेव्हा मी महिनाभर चिडचिड करत होतो. बायकोच्या पोळ्या जाड व्हायच्या. बाई आजारी नवऱ्याला घेऊन वऱ्हाडात गावी गेल्या होत्या, त्या तेरावा उरकूनच परतल्या. आल्या त्या सकाळी मी म्हणालो, "आलात? आम्हाला वाटलं, तिकडेच स्थायिक झालात." त्यांनी पदर खोचला आणि परात पुढे ओढली.

हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे केले ते नकळत केले असे कुणाला वाटू नये. तो माणूस मेलेला आहे, हे मला माहीत होते.

बाई बिबवेवाडीत आमच्या इमारतीमागच्या चढावर एका खोलीत राहत. नवरा शहराबाहेरच्या एका ओतकामाच्या कारखान्यात होता. वाळूचे साचे फोडून लोखंडी भाग बाहेर काढायचे काम, दिवसभर धुळीत. तो खोकून खोकून काडी झाला तेव्हा खोलीमालकाने सांगितले, "न्यायचं तर आत्ताच न्या. खोलीत कुणी गेलं की पुढे भाडेकरू मिळत नाही." त्या चढावरची आजारी माणसे अशीच एस.टी.त बसून गावी जायची. परत यायच्या त्या बायका.

मी तेव्हा एका संशोधन संस्थेत संख्याशास्त्रज्ञ होतो. देशाची दारे नुकतीच उघडली होती. परदेशी मोटार कंपन्यांना पुण्याहून स्वस्तात भाग हवे होते, पण त्याआधी तिथले कामगार धडधाकट आहेत असा अहवालही हवा होता. ते काम आमच्याकडे आले आणि माझ्याकडे देण्यात आले, कारण मी परदेशात राहून निरनिराळ्या देशांच्या मृत्यूनोंदींची तुलना करून आलो होतो. उत्तरेकडच्या एका देशात प्रत्येकाला जन्मतःच क्रमांक मिळतो. तो टाकला की माणूस आहे की गेला, गेला तर कशाने, हे तिथल्या तिथे कळते. दुसऱ्या एका देशात नाव आणि जन्मतारीख जुळवावी लागते, त्यात थोडे मृत्यू निसटतात. कुणाची नोंदवही किती मृत्यू पकडते याचे तक्ते मी केले होते. आणि एक नियम शिकून आलो होतो: नोंद सापडली नाही, तर माणूस जिवंत धरायचा.

जिथे प्रत्येक मरणाची नोंद होते तिथे हा नियम योग्यच आहे. आपल्याकडे देशभराची अशी नोंदवही नव्हती. मी तिच्या जागी पुणे शहराच्या मृत्यूनोंदी ठेवल्या. एका बाजूला त्याच ओतकामाच्या कारखान्याच्या आजी-माजी कामगारांची यादी, दुसऱ्या बाजूला शहरातले मृत्यू. नावे जुळवणारा प्रोग्रॅम एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीने लिहून दिला. निकाल फार देखणा आला. धूळ खाणारे हे कामगार चारचौघा पुणेकरांपेक्षा कमी मरत होते. मरणार कसे? मरायला आलेला प्रत्येकजण आधीच एस.टी.त बसलेला.

यादीत बाईंच्या नवऱ्याचे नाव होते. पुढे 'जिवंत' असे छापून आले होते.

मी ते नाव बराच वेळ पाहिले. मग कामाच्या नियमावलीत एक कलम घातले: कुणा एकाबद्दलच्या खासगी माहितीवरून त्याची नोंद बदलू नये, सर्वांना एकच कसोटी लावावी. शास्त्र म्हणून हे कलम चोख आहे. माझ्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईचा नवरा तेवढा मेला म्हणायचे आणि बाकीचे तपासायचे नाहीत, हे चालणार नाही. पण मग बाकीचे तपासायला हवे होते. त्यासाठी माणसे गावोगाव पाठवावी लागली असती, आणि अहवाल असा देखणा राहिला नसता. मला परदेशातल्या परिषदेचे बोलावणे हवे होते. ते आले.

त्याच सुमारास एका सकाळी बाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "साहेब, एक इचारू का?"

"विचारा. पगार सोडून काहीही विचारा."

"तुमी त्या कारखान्याचाच अभ्यास केला म्हनतात ताई. माह्या पोराले तिथं बोलावलं, बापाच्या जागी. त्याच खात्यात. पाठवू का?"

मी वर्तमानपत्र खाली न ठेवताच म्हणालो, "तिथली माणसं तुमच्याआमच्यापेक्षा जास्त जगतात. तसे आकडेच आहेत."

लाटणे थांबले. "आमच्या घरचे धरले का त्याच्यात?"

"धरलेत ना," मी म्हणालो.

ते खोटे नव्हते. त्यांना धरले होते. जिवंत म्हणून धरले होते. बाईंचा चेहरा मोकळा झाला. त्या म्हणाल्या, "मंग ठीक हाय. त्यायचं नशीबच तसं होतं म्हनाचं." आणि तव्यावरची पोळी उलटली. त्या दिवशीच्या पोळ्या चांगल्या फुगल्या होत्या, मी दोन जास्त खाल्ल्या.

बाई गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही त्यांना नीट काही सांगितलं नाहीत."

"विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं."

"ते तर तुम्ही नेहमीच देता."

मुलगा कामाला लागला. पहिल्या पगाराचे पेढे बाईंनी आणून दिले. त्याचे लग्न झाले, चढावरच्या खोलीला पत्र्याऐवजी स्लॅब आला. खाली रस्त्यावर संगणकाच्या नोकरीतली पोरे बसची वाट पाहत उभी राहायची, आणि हा कारखान्याच्या बसची. काही वर्षांनी तोही खोकू लागला. बाई एक दिवस आल्या त्या दारातूनच बोलल्या. "ताई, दुसरी बाई पाहा. पोराले गावी नेते." माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. मी आतल्या खोलीत जाऊन पुस्तक उघडून बसलो.

तो गेल्याचा फोन बायकोनेच घेतला. फोन ठेवून ती जेवणाच्या टेबलाशी आली आणि माझ्या पानात आमटी वाढत म्हणाली, "बापाला धरलं होतंत ना? आता पोरालाही धरा."

मी धरले. अभ्यासाच्या दुसऱ्या फेरीत मुलाचे नाव यादीत होते. शहराच्या नोंदीत ते सापडले नाही, संगणकाने पुढे 'जिवंत' लिहिले आणि मी पानाखाली सही केली. अशा अभ्यासात माणूस किती वर्षे जगला, त्याचीही बेरीज होते. मेलेला माणूस जिवंत राहिला की तो दर फेरीला आणखी वर्षे जगतो आणि ती वर्षे कारखान्याच्या बाजूने पडतात. ते दोघे बापलेक अशी पुष्कळ वर्षे जगले. कारखान्याला त्यांचा मेल्यावरच जास्त उपयोग झाला.

मग बायको गेली. इथेच गेली, रुग्णालयात, आणि तिचा मृत्यूचा दाखला मला सुरळीत मिळाला. रिक्षात बसून मी त्यावरचे नाव, तारीख आणि कारण वाचले; त्या बापलेकांचा असा कागद या शहरात कुठेच नव्हता. घरी येऊन मी संस्थेला पत्र लिहिले. अभ्यास अजून चालू आहे, माझ्या जागी आता दुसरे गृहस्थ आहेत. मी लिहिले की यादीतले हे दोघे मृत आहेत, मी स्वतः जाणतो. गावी गेलेल्या बाकीच्यांचाही शोध घ्यावा, आणि तोवर माझे जुने निष्कर्ष मागे घ्यावेत.

उत्तर लगेच आले, फार आदराने लिहिलेले. आपल्या भावना समजू शकतो, परंतु खासगी माहितीवरून कुणा एकाची नोंद बदलता येत नाही. खाली नियमावलीतले कलम जसेच्या तसे दिले होते. शब्द माझेच होते. जुने निष्कर्ष आणि बाकीचे कामगार यांबद्दल पत्रात काही नव्हते.

म्हणून इथे लिहून ठेवतो. बाप मेला आहे. मुलगा मेला आहे. दोघेही त्याच धुळीने मेले, आणि दुसऱ्याला तिथे मी पाठवले.

बाई पुढे पुण्याला आल्या नाहीत. त्यांच्या गावचे नाव बायकोला माहीत होते, मी कधी विचारले नाही. त्या आहेत की गेल्या, मला माहीत नाही. नोंद सापडलेली नाही. माझ्या नियमाप्रमाणे त्या जिवंत आहेत.