औदा नसलेला कागद

रविवारी सकाळी साडेआठला ड्रायव्हर गुल जमान बसचं इंजिन चालूच ठेवून दवाखान्यात शिरला, नर्स एलिकुट्टीच्या टेबलावर पाकीट टाकलं आणि म्हणाला, “बाजी, तुझा व्हिसा आला. मिठाई कुठाय?”

“मिठाई नाही, खोकल्याचं औषध आहे. देऊ?”

“ते तूच पी. बायका बसमध्ये शिजतायत माझ्या,” म्हणत तो गेला. त्याच्या भाषेत बाजी म्हणजे ताई. कंपाउंडच्या, म्हणजे कंपनीच्या भिंतीआतल्या वसाहतीतल्या, बायकांना बाजारात न्यायची त्याची आठची फेरी रोज साडेआठलाच निघायची, आणि उशीर नेहमी दुसऱ्याच कुणामुळे झालेला असायचा.

एलिकुट्टीनं पाकीट फोडलं. या आखाती देशात नुसतं सुट्टीला बाहेर पडायलाही व्हिसा लागायचा. तिला अरबी बोलता यायचं, वाचता फारसं यायचं नाही. पण या कागदावरचा एक शब्द तिला बरोब्बर ओळखता यायचा, कारण चोवीस वर्षं दर सुट्टीच्या आधी ती तेवढा एकच शब्द शोधायची. औदा. आपल्याकडे गावाकडची माणसं यंदाला औंदा म्हणतात, अरबीत औदा म्हणजे परत येणं. कागदावर ‘जाणे आणि औदा’ असलं की माणूस सुट्टीला चाललाय. औदा नसला की संपलं, कायमचं जाणं, या व्हिशावर परत पाय ठेवायचा नाही.

तिनं कागद वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. चष्मा पुसला. औदा नव्हता.

ती जाणार होती एकवीस दिवसांसाठी, केरळात, पालाजवळच्या आपल्या गावी, लेकीच्या, जिन्सीच्या, बाळाच्या बाप्तिस्म्याला. शुक्रवारचं विमान होतं. हा कागद मात्र म्हणत होता की बाई, जा ती जाच.

तिनं ताबडतोब शौकीला फोन लावला. शौकी म्हणजे कंपनीचा सरकारी कामं करणारा माणूस, मूळचा इजिप्तचा, सगळ्यांचे पासपोर्ट आणि सगळ्यांची नशिबं त्याच्या एका काळ्या बॅगेत. तो म्हणाला, “बघतो सिस्टर. उद्या.” त्याचा उद्या कुठल्या वारी येतो हे कंपाउंडात कुणालाच माहीत नव्हतं.

बातमी काही तिनं कुणाला सांगितली नाही. पण चव्वेचाळीस घरं, भोवती एक भिंत, एक गेट आणि एक बस. कागद शौकीच्या ऑफिसातून निघाला तेव्हाच अर्धी बातमी बसमध्ये बसली असणार. दुपारी नर्सरीतली फिलिपिनो बाई मारिसेल डोकेदुखीची गोळी घ्यायला आली, गोळी घेतली, पाणी प्यायली, आणि दारात थांबून म्हणाली, “सिस्टर, तुमच्या फ्रिजचं काही ठरलंय का?”

एलिकुट्टीनं गोळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. का चाललीस, नाही. कधी चाललीस, नाही. फ्रिजचं ठरलंय का.

आणि गंमत म्हणजे तिला रागवायलाही तोंड नव्हतं. कारण तिची स्वतःची खोली तशीच भरली होती ना. कंपाउंडमधून कुणी कायमचं निघालं की क्लबच्या फळ्यावर चिठ्ठी लागायची, सोफा, इस्त्री, पोराची सायकल, आणि लोक तुटून पडायचे. वस्तू घर बदलायच्या, पण नाव आधीच्याचंच लागायचं. एलिकुट्टीच्या खोलीत मार्गारेटचा फ्रिज होता, मार्गारेटला जाऊन अकरा वर्षं झाली होती. फरीदाबाईंचा सोफा होता. डच डॉक्टरची आरामखुर्ची होती, आणि तो डच डॉक्टर कसा दिसायचा तेही आता कुणाला आठवत नव्हतं. “मार्गारेटमध्ये दूध ठेव गं,” असं ती स्वतःच म्हणायची, पाहुण्या मुलींना. बिननावाची वस्तू एकच, वेट ग्राइंडर. इडली-अप्पमचं पीठ वाटायचा, दगडाचा, तिनं बावीस वर्षांपूर्वी गावाहून सामानात दाबून आणलेला. तो नुसता ग्राइंडर होता.

सोमवारी परत शौकी. “उद्या.” ती दवाखान्यात उभी राहायची, बसायची, परत उभी राहायची. कापसाचे डबे या कपाटातून त्या कपाटात, मग परत या कपाटात. सुट्टीवर निघालेले लोक बॅगा वजन करायला दवाखान्यातल्या वजनकाट्यावर आणायचे, त्या दिवशी दोघं-तिघं आले, आणि प्रत्येकानं बॅग ठेवता ठेवता विचारलंच, “तुमच्या किती झाल्या सिस्टर? कायमचं म्हणजे बरंच असणार.”

दुपारी तिनं नवऱ्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली, चाक्कोच्चन वाचनालयातून रमीचा डाव टाकून आलेला.

“इच्चाया,” ती म्हणाली, नवऱ्याला ती अशीच हाक मारायची, “मी बहुतेक कायमचीच येत्येय.”

मागे मांजर ओरडलं.

“हॅलो?”

“ऐकू येतंय,” चाक्कोच्चन म्हणाला. मग म्हणाला, “आत्ता? कोण म्हणालं?”

“कागद आलाय.”

“हं. नाही म्हणजे, ये की. घर तुझंच आहे.” आणि थोड्या वेळानं, “तुझ्या खोलीत रबराच्या शीट वाळत टाकल्यात, त्या हलवाव्या लागतील एवढंच. वास मात्र जायचा नाही लवकर.”

“कधीपासून टाकतोयस तिथे?”

“झाली चार वर्षं. तू एकवीस दिवस येतेस तेव्हा मी काढून ठेवतो ना.”

तिनं फोन ठेवला आणि दवाखान्याला तीन चकरा मारल्या. घर तुझंच आहे, असं माणूस पाहुण्याला म्हणतो. आणि चाक्कोच्चन वाईट नव्हता हो, तेच तर. दारू नाही, भांडण नाही, तिनं पाठवलेल्या पैशातून घर बांधलं, जिन्सीला शिकवलं, रबराच्या झाडांना पहाटे स्वतः उठून चीर देतो. फक्त तो एकटं राहायला शिकला होता. तिनंच शिकवलं होतं त्याला, चोवीस वर्षं लावून.

मंगळवारी शौकीनं फोनच उचलला नाही. आणि मंगळवारी एलिकुट्टीचं डोकं फिरलं. दुपारी दवाखाना बंद केला, खोलीचं दार सताड उघडलं आणि मारिसेलला हाक मारली, “ये, फ्रिज ने.” मारिसेल म्हणाली, “आज कशाला सिस्टर, शुक्रवारपर्यंत वापरा की.” “ने म्हणते ना.” बागकाम करणाऱ्या दोघांना सोफा दिला. गुल जमान दिसला, त्याला म्हणाली, “आरामखुर्ची घेऊन जा, तुझी कंबर दुखते.” तो म्हणाला, “बाजी, तू रागात वाटत्येयस.” “खुर्ची हवी की नको?” त्यानं गुपचूप उचलली. सतरा नंबरची उम्म जाद आली, जादची आई, लेबनॉनची, गेली नऊ वर्षं हिची सख्खी शेजारीण, जादच्या प्रत्येक तापाला अंगावर शाल ओढून धावत येणारी. तिनं गळ्यात पडून मनापासून रडून घेतलं, आणि डोळे पुसत लाडानं म्हणाली, “हबीबती, तो दगडाचा मिक्सर दिलास तर चणे काय मऊ वाटले जातील.”

“ने,” एलिकुट्टी म्हणाली.

संध्याकाळी खोलीत एक पलंग, एक बॅग आणि फ्रिज होता तिथे फरशीवर एक चौकोन राहिला. बसायला काही नव्हतं म्हणून ती पलंगावर बसली, आणि बसवेना म्हणून उठली. बॅग भरली. उपसली. पुन्हा भरली, या वेळी हिवाळी स्वेटर घालून, मग तो बाहेर काढला. पालाला स्वेटर कोण घालतं.

बुधवारी शौकी स्वतःच आला, घाम पुसत.

“सिस्टर, दोन बटणं शेजारी शेजारी आहेत,” तो म्हणाला. “आणि माझं बोट जाड आहे.”

“म्हणजे चूक?”

“म्हणजे बोट. बदलता येतं, तू देश सोडायच्या आत. पण साहेब म्हणाले, बाईंचं वय चौपन्न, आता निघालंच आहे तर त्यांनाच विचारा, यायचंय की नाही. यायचं असेल तर स्वतःच्या हातानं लिहून दे. गुरुवारी एकच्या आत. शुक्रवार-शनिवार सगळं बंद.”

“आणि नाही लिहून दिलं तर?”

शौकीनं खांदे उडवले. “तर माझं बोट बरोबर होतं.”

झालं. चोवीस वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. कागद यायचा, त्यावर औदा असायचा, ती जायची आणि यायची. आता विचारलं तर ती दोन्ही बाजू मोजायला लागली. इथे राहून काय, सहा वर्षांनी नाही तर चार वर्षांनी काढतीलच. तिथे जाऊन काय, रबराच्या वासात झोपायचं आणि नवऱ्याच्या रमीची वेळ सांभाळायची. पण बाळ आहे. पण जिन्सी तर कोचीत राहते. पण… असं तिचं चाललं होतं, भिंतीच्या कडेकडेनं फिरत, उकाड्यात, अंगावरचा गणवेश पाठीला चिकटलेला.

सतरा नंबरच्या मागून जाताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. उम्म जाद बहिणीशी फोनवर बोलत होती, आणि ती फोनवर बोलली की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं.

“अगं लोण्यासारखे वाटले गेलेत चणे. एलीच्या ग्राइंडरमध्ये वाटले ना. …एली? अगं नर्स होती इथे एक. फार चांगली होती.”

एलिकुट्टी बोगनवेलीशेजारी उभीच राहिली. एलीचा ग्राइंडर. मार्गारेटचा फ्रिज, फरीदाबाईंचा सोफा, एलीचा ग्राइंडर. आणि होती. अजून विमानात बसले नाही मी, अजून तुझ्या पोराच्या कानाचे थेंब माझ्या कपाटात आहेत, आणि मी ‘होती’?

आत जाऊन दोन शब्द सुनवावेत असं तिच्या मनात आलं, पण गेली नाही. तशीच तरातरा खोलीवर आली. एवढं मात्र तिला लख्ख दिसलं, की इकडे ती ‘होती’ झालीये आणि तिकडे ‘ये की’. मधे कुठेच ‘आहे’ नाही. आणि हे त्या शौकीच्या जाड बोटानं नाही झालं. दरवर्षी एकवीस दिवस, एकवीस दिवस करत तिनंच घर असं वाटून टाकलं होतं की दोन्हीकडे कुणाला तिची जागा ठेवायची सवयच राहिली नाही. एकवीसच का? कारण बाविसाव्या दिवशी दवाखान्याचं कसं होईल ही काळजी तिला. तिची केवढी सुट्टी साचली होती, कधी मागितलीच नव्हती.

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या कोऱ्या कागदावर तिनं लिहायला घेतलं. पहिला फाडला. दुसऱ्यात ‘कृपया’ चार वेळा आलं म्हणून तो फाडला. तिसऱ्यावर तिनं लिहिलं, मी परत येणार आहे. एकवीस नाही, साठ दिवसांनी. दुसरी नर्स बघून ठेवा तोवर. खाली सही.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी शौकीनं तो वाचला. “साठ?”

“तुझं बोट जाड आहे, आकडा नीट दाब.”

मग तिनं तिथूनच, त्याच्या ऑफिसच्या पायरीवरून, चाक्कोच्चनला फोन लावला. “इच्चाया, शीट हलव. साठ दिवस येत्येय.”

तिकडे मांजर ओरडलं. ती थांबली. या वेळी तिनं हॅलो म्हटलं नाही.

“साठ दिवस म्हणजे,” तो हळूहळू म्हणाला, “खोलीला चुना मारून घेतो मग. एकवीस दिवसांसाठी परवडत नव्हता.” आणि मग, “रमी येते तुला?”

“शिकव.”

तीन वाजता कागद आला. गुल जमाननंच आणला, बस चालू ठेवून. तिनं पहिल्यांदा औदा शोधला. होता. मग तिनं दिवस बघितले. बरोबर होते.

“बाजी, तुझी खुर्ची मागच्या सीटवर आहे,” गुल जमान म्हणाला. “उतरवलीच नव्हती मी. म्हटलं शौकीच्या कागदाचा काय भरवसा.”

“दोन दिवस बसमध्ये फिरवलीस?”

“फिरली ती. बायका आळीपाळीनं बसल्या. भांडणंही झाली.”

मारिसेल काही फ्रिज घेऊन आली नाही, तिच्या खोलीपाशी एलिकुट्टी गेली तर ती फ्रिजसमोर आडवी उभी राहून इकडचं तिकडचं बोलत बसली. ठीक आहे, फ्रिजचं बघू साठ दिवसांनी.

उम्म जाद मात्र आली. एका हातात वाटलेल्या चण्यांचं ताट, दुसऱ्या हातानं जादला पुढे ढकलत, आणि जादच्या हातगाडीवर ग्राइंडर. तिचा चेहरा पडला होता. “घे बाई तुझा,” ती म्हणाली. “मला वाटलं तू गेलीसच.”

“ऐकलं मी. चांगली होती म्हणे.”

उम्म जादनं कपाळाला हात लावला. “खिडकी. माझा नवरा रोज सांगतो, खिडकी लावत जा.”

एलिकुट्टीनं ताटात बोट बुडवून चाखलं. खरंच लोण्यासारखं होतं, मीठ जरा कमी. तिनं ग्राइंडरच्या दगडावरून हात फिरवला, कडेला चिकटलेली चण्याची साल नखानं काढली.

“ठेव तुझ्याकडे,” ती म्हणाली. “दोन महिने बंद राहिला तर पट्टा आखडतो. रोज नाही तर एक दिवसाआड चालव. आणि मिठाच्या पाण्यानं धुवू नकोस.”

“नक्की?”

“नक्की. फक्त नाव लावायचं नाही माझं.”

“मग काय म्हणू त्याला?” उम्म जाद म्हणाली. “माझ्या घरात तर चमच्यालासुद्धा कुणाचं तरी नाव आहे.”

“नुसतं ग्राइंडर म्हण,” एलिकुट्टी म्हणाली, आणि बॅग वजनकाट्यावर ठेवायला उचलली.