एक गुण वजा करणारे खेडीकरकाका

श्री. गजाननराव खेडीकर यांची आणि माझी पहिली भेट एकोणीस वर्षांपूर्वी जबलपूरच्या कमानिया गेटजवळच्या एका खेळण्यांच्या दुकानात झाली आणि त्या पहिल्याच भेटीत मी त्यांच्यावर वैतागले. माझ्या पाच वर्षांच्या रेणूला उड्या मारायची दोरी हवी होती. आमच्या पुढे एक गृहस्थ यो-योंचा अख्खा खोका उघडून उभे होते. एकेक यो-यो बोटात अडकवायचा, खाली सोडायचा, फिरताना कानाशी न्यायचा आणि बाजूला ठेवायचा, असे चालले होते. दुकानदार शेवटी म्हणाला, "दादाजी, बच्चों का खिलौना है, तोप थोड़ी है!"

"तोप होती तो कारखाने में ही रोक लेता," गृहस्थ शांतपणे म्हणाले आणि आणखी एक यो-यो बाजूला ठेवत पुटपुटले, "छे, हे बी गेलं."

ते मराठी ऐकून मी बोलायला गेले. अर्धा तास गेला. दोन डझनांतून एकच यो-यो त्यांच्या पसंतीस उतरला. तो त्यांनी रेणूच्या हातात ठेवला, मग परत घेतला, पुन्हा एकदा तपासला आणि पुन्हा दिला. दोरी घ्यायची राहूनच गेली.

खेडीकरकाका यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने मला सुचवले होते की काकांच्या वाचनालयातील कामाबद्दल आणि गणेशोत्सवाबद्दल लिहावे, 'ते चकरीचे' दोन ओळींत आटपावे. (आमच्या गावात यो-योला सगळे चकरीच म्हणतात.) मी प्रयत्न केला. जुन्या डायऱ्या काढून बसले. काकांचे नाव आले की पुढे चकरी येते, आणि चकरी आली की बहुतेक माझा वैताग येतो. ते गाळून लिहिले तर लेख दुसऱ्याच कोणाचा होईल. तेव्हा समितीने क्षमा करावी.

काका इथल्या एका संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात होते. कारखान्यात एकदा परदेशी यंत्र आले, ते बसवायला हंगेरीचा एक इंजिनिअर आला. तो जेवणाच्या सुट्टीत चकरी फिरवायचा. जाताना त्याने ती काकांना दिली. निवृत्तीनंतर घरी इंटरनेट आले तेव्हा काकांनी पहिली गोष्ट शोधली ती ही, की हंगेरीत चकरीचे काय चालते. बरेच काही चालते, असे निघाले. युरोपात देशोदेशी यो-योच्या स्पर्धा होतात आणि मग सगळ्या देशांची मिळून एक मोठी होते. अंतिम फेरीत प्रत्येकाला संगीताच्या साथीने तीन मिनिटे मिळतात. परीक्षक हातात मोजणीचे बटण धरून बसतात. करामत साधली की एक टिचकी, चुकली की दुसऱ्या बटणाची टिचकी. चकरी थांबली आणि पुन्हा गुंडाळावी लागली, तर एक गुण वजा.

जबलपुरात बसून काका हे सगळे मोजू लागले. चेक प्रजासत्ताकाची वही वेगळी, पोलंडची वेगळी, इटलीची वेगळी. एक कार्यक्रम ते चार वेळा पाहतात, दोनदा संथ गतीने. आणि मोजणी जुळली नाही, की ते आयोजकांना पत्र लिहितात.

मी सिविल लाइंसमधल्या एका केंद्रीय कार्यालयात अनुवादक आहे, त्यामुळे ती पत्रे इंग्रजीत करून पाठवण्याचे काम कोणी न देताच माझ्याकडे आले. गेल्या वर्षीच्या स्पर्धेपर्यंत अकरा वर्षांत अकरा पत्रे. आकडा लहान वाटेल, पण एकेका पत्राच्या मागे पाच-पाच मसुदे आहेत. ऐन कामाच्या वेळी फोन यायचा, "सुनीता, तिसऱ्या परिच्छेदात 'कदाचित' लिहिलं का तू? काढून टाक. मी चारदा पाहिलं आहे." एकदा कॅमेऱ्यापुढे कोणाचे तरी डोके आले आणि स्पर्धकाचे हात चार सेकंद दिसले नाहीत. त्यावर काकांचे म्हणणे असे की तो निकालच तपासला गेलेला नाही असे समजावे. मी म्हटले, "काका, त्यांना समोर दिसत होतं ना!" तर म्हणाले, "मला नव्हतं दिसत. मी सही कशी करू?" त्यांची सही कोणी मागितली नव्हती, हे मी त्यांना आजवर सांगू शकलेले नाही.

हेच काका स्वतःलाही सोडत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. पोलंडच्या एका मुलाविरुद्ध पत्र गेल्यावर महिन्याभराने त्यांना कळले की चूक आपल्याच मोजणीत होती. लगेच दुसरे पत्र, थेट त्या मुलाला, क्षमायाचनेचे. त्या बिचाऱ्याला मुळात तक्रारच ठाऊक नव्हती. त्याने उत्तरादाखल नुसते अंगठ्याचे चित्र पाठवले. काकांनी ते चष्मा वर करून पाहिले. "याचा अर्थ काय? मान्य केलं, का टाळलं?" मी माझ्या परीने अर्थ सांगितला. "परीने नको," ते म्हणाले, "नक्की काय ते विचार." मी विचारले नाही. अजूनही अधूनमधून विषय निघतो.

आता त्यांच्या मायेबद्दल. रेणू आठ वर्षांची असताना माझ्या यजमानांची बदली बँकेच्या लांबच्या कुंडम शाखेत झाली होती आणि त्याच सुमारास सासूबाई घसरून पडल्या, कमरेचे हाड मोडले. माझी रजा संपली. रेणू चारला शाळेतून यायची, मी साडेसहाला. पहिल्याच दिवशी घरी येऊन पाहते तो काका दारातल्या खुर्चीत बसलेले, स्वतःचा चहा थर्मासमध्ये आणलेला, कारण सासूबाईंना "घ्या ना चहा" म्हणत उठायचा मोह व्हायला नको. मी बोलावले नव्हते. पुढचे तीन महिने ते कारखान्यातली सकाळची पाळी आटोपून रोज चारच्या ठोक्याला येत राहिले. मी आभार मानू लागले की म्हणायचे, "तुमच्या दाराची कडी ढिली आहे. आधी ती पाहा." त्या तीन महिन्यांत रेणू चकरी शिकली.

बाराव्या वर्षी ती मंडळाच्या गणेशोत्सवात स्टेजवर गेली. मध्येच चकरी थांबली आणि पोर रडवेली होऊन उभी राहिली. पुढच्या वर्षासाठी काकांनी तिला एक युक्ती शिकवली. चकरी थांबलीच, तर डाव्या टाचेवर गिरकी घ्यायची, पाठ लोकांकडे झाली की कोपर अंगाशी धरून अंगठ्याच्या एका हिसक्यात दोरा गुंडाळायचा, आणि तोंड पुन्हा समोर येईपर्यंत चकरी फिरत असली पाहिजे. वर्षभर सराव केला. कोणाला काही कळत नसे. सगळ्यांना ती नाचातलीच गिरकी वाटे.

दोन वर्षांपूर्वी रेणू पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेली, तिथल्या यो-यो क्लबात शिरली आणि गेल्या वर्षी युरोपच्या मोठ्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचली. आम्ही सगळे आमच्या बैठकीत दाटीवाटीने बसून पाहत होतो. तिसरी आली! चौथ्या क्रमांकाच्या चेक मुलीपेक्षा अर्ध्या गुणाने वर. खेडीकरकाकूंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. काकांनी हात पुढे केला नाही.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. मग पुन्हा. मग उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कागद घेऊन आले. एक मिनिट बेचाळीस सेकंदांवर रेणूची चकरी थांबली होती. तिने गिरकी घेतली होती. गुण वजा झालेला नव्हता.

"काका, चार परीक्षकांना दिसलं नाही."

"दिसणारच नाही. न दिसण्यासाठीच शिकवलं आहे मी."

"मग तुम्ही काहून पाहून राहिले? तिनं स्वतः सांगावं असा काही नियम आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? लिही."

पत्रात लिहिले होते की झाकण्याची ही रीत मी स्टेजसाठी शिकवली, स्पर्धेत तसे करायचे नसते हे सांगायचे माझ्याकडून राहिले, सबब चूक माझी आहे. आणि शेवटी, "गुण मात्र तिचा वजा व्हावा." या शेवटच्या वाक्याचा मला जो संताप आला तो आजही पुरता ओसरलेला नाही. चूक तुमची, तर गुण लेकराचा का? मी तसे विचारलेही. ते म्हणाले, "चकरी तिची थांबली."

मी "पाठवते" म्हटले आणि पाठवले नाही. नऊ दिवस. काकांनी एकदाही विचारले नाही. विचारले असते तर भांडता आले असते. डायरीत रोज एकच ओळ आहे, 'पत्र पाठवले नाही.' नवव्या दिवशी मात्र मी स्वतःला एक प्रश्न विचारला, तो आधीच विचारायला हवा होता. याआधीची अकरा पत्रे मी किती दिवस ठेवून घेतली होती? एकही दिवस नाही. ती दुसऱ्यांच्या मुलांविरुद्ध होती. पोलंडच्या त्या मुलालाही आई असेल, असे माझ्या कधी मनात आले नव्हते. मी पत्राचा अनुवाद केला, एकही शब्द मवाळ केला नाही, आणि पाठवून दिले.

काकांनी रेणूला फोन करून आधीच सगळे सांगितले होते, हे मला तिच्याच फोनवरून कळले. "आजोबांनीच शिकवलं ना? मग आता तेच शिकायत करून राहिले! और आई, टाईप तू केलंस? तू?" माझ्याशी ती पंधरा दिवसांनी बोलली. काकांशी बोललीच नाही.

आयोजकांचे उत्तर दोन ओळींचे आले. जाहीर झालेला निकाल बदलत नाही, कळवल्याबद्दल आभार. म्हणजे रेणू तिसरीच राहिली आणि एवढा सगळा खटाटोप फुकट गेला. काका नुसते "बरं" म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "एका टिचकीपायी नात घालवली तुम्ही. आता बसा वह्या घेऊन." दर रविवारी काका आमच्याकडे यायचे, रेणूच्या अभ्यासाची, तिथल्या थंडीची चौकशी करायचे. "आमचा नमस्कार सांग" असे मात्र त्यांनी वर्षभरात एकदाही म्हटले नाही. मी मध्यस्थी करू पाहिली तर म्हणाले, "तिचा राग आहे. तिला ठेवू दे."

या वर्षीच्या स्पर्धेला आमच्या बैठकीत कोणी जमले नाही. मी एकटीने पाहिले. दुसऱ्या मिनिटाला रेणूची चकरी थांबली. तिने गिरकी घेतली नाही. परीक्षकांसमोर उभी राहून, संगीत पुढे चाललेले असताना, तिने सावकाश दोरा गुंडाळला आणि पुन्हा सुरुवात केली. नववी आली. काकांना फोन करावा की नाही, ते ठरेना. केला नाही.

त्यानंतर आठवड्याभराने, याच लेखासाठी काही माहिती विचारायला मी त्यांच्याकडे गेले. काका फोनवर होते. मला हातानेच बसायला सांगितले आणि फोनमध्ये ओरडले, "अगं, ती करामत पुरी झालीच नाही! दोरा सुटला होता. त्यांनी तुला जास्त मोजलं आहे!"

"कोण आहे?" मी विचारले.

"थांब गं. रेणू आहे."

माझ्या हातातली वही खाली पडली. "कधीपासून फोन येऊन राहिला तिचा?"

"स्पर्धा झाली त्या रात्रीपासून. रोज येतो."

"आणि मला काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं का?"

मी फोन त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. पलीकडून माझी लेक म्हणाली, "आई, बाद में! अभी आजोबांशी झगडा चालू आहे. दे त्यांना." मी फोन परत दिला. त्यांचे भांडण आणखी चाळीस मिनिटे चालले. काकूंनी मला चहा दिला आणि दोघींनी मिळून तो भांडण ऐकत घेतला.

अशा आमच्या खेडीकरकाकांना उदंड आयुष्य लाभो. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, मनगट असेच हलके राहो, गुडघे आणि रक्तदाब त्यांच्या मोजणीत बसतील असे राहोत. त्यांच्या शंभरीलाही आपण सर्वांनी असेच जमावे आणि त्यांनी आपल्या प्रत्येकाच्या भाषणातल्या चुका काढाव्यात. स्वतःसाठी मी एवढेच मागते, की माझ्या मुलीच्या आयुष्यात काही घडले तर ते मला कधीतरी त्यांच्या आधी कळावे.