मधला स्पीकर

वलगाव सोडलं त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती आणि मी टीव्हीमागे गुडघ्यांवर बसून वायरी खोचत होतो. अमरावतीच्या राजापेठेतल्या एका दुकानातर्फे मी सहा वर्षं लोकांच्या घरी होम थिएटर बसवत फिरलो होतो. जाता जाता एक संच आपल्या घरी लावून जावा, असं मनात आलं. एक रिसिव्हर, पाच स्पीकर, एक वूफर. आई दोनदा आत डोकावून गेली. बडनेऱ्याहून गाडी होती आणि ती चुकेल, एवढंच तिला म्हणायचं होतं. बाबा अंगणात झेंडूच्या टोपल्यांवर ओलं पोतं टाकत होते. आवाज लागला तेव्हा मी तो मुद्दाम मोठा केला. ते दारात आले, चौकटीला हात लावून उभे राहिले.

"चांगला हाये," म्हणाले. "जाय आता."

मस्कतला येऊनही काम तेच. व्हिलाच्या मजलिसीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, छताला बारा-बारा स्पीकर लावायचे, वायरी भिंतीत दडवायच्या, रिमोट मालकाच्या हाती द्यायचा, की खलास. दुसऱ्याचं घर आवाजानं भरायचं आणि बाहेर येऊन आपली चप्पल शोधायची. तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना ठाऊक असेल, सुरुवातीला आपण घरी रोज फोन करतो. मग नुसता शुक्रवारी. मग शुक्रवारीही बोलायला काही सुचत नाही, तेव्हा आपण हवेचं विचारतो.

दुसऱ्या दिवाळीला घर रंगवलं. रंगाऱ्यानं सगळ्या वायरी उपटून गोणीत भरल्या. आई म्हणत होती, राजापेठेतून कोणाला तरी बोलवू. बाबांनी अडवलं. कोणी हात लावायचा नाही, त्याचं आहे, तो येऊन लावेल, असं म्हणाले म्हणे. मी आलो नाही. एक वर्ष सुटी मिळाली नाही, पुढच्या वर्षी कंपनी बदलली, आणि संच चादरीखाली तसाच राहिला.

त्याच सुमाराला बाबा फोनवर येईनासे झाले. आई सांगायची, वावरात गेले, डोळा लागला, चांदूर बाजारला गेले. एकदा ती असं सांगत असताना मला त्यांचा खोकला ऐकू आला, अगदी जवळून. माझ्या जाण्याचा राग त्यांनी मनात धरलाय, असं मी ठरवून टाकलं. फुलशेती त्यांनी एकट्यानं किती दिवस ओढायची, हे त्यांनी कधी तोंडानं म्हटलं नव्हतं, पण मला ते ऐकू यायचं. मग मीही ताठ झालो. बाबांना दे, असं म्हणणं मी सोडून दिलं.

एका शुक्रवारी दुपारी आईनं आपणहून व्हिडिओ कॉल केला. तिच्यासमोर गोणी उपडी केलेली होती आणि मागे बाजेवर बाबा पाठमोरे बसले होते.

"सांग बरं, कोनतं कुठं लावाचं ते," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुला जमणार नाही. तिनं ते ऐकलंच नाही असं केलं. माझी आई पस्तीस वर्षं अमरावतीच्या बाजारासाठी हार ओवतेय. तांब्याच्या तारेचे सुटे केस तिनं चिमटीत धरून असे पिळले, की मला माझ्या हातांची लाज वाटली. लाल लालमध्ये, काळी काळ्यात. डिशच्या डब्याची केबल रिसिव्हरमध्ये, रिसिव्हरची टीव्हीत. पुन्हा घोटाळा नको म्हणून प्रत्येक वायरीला तिनं हाराचा वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. तासाभरानं टीव्हीवरच्या जाहिरातीतला ढोल खोलीभर घुमला. तिनं वळून बाजेकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, नाही म्हणून.

मी म्हटलं, अजून मधला स्पीकर राहिलाय. त्यातून काय येतं, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, गाणं, ढोल, गाड्या, सगळं आजूबाजूनं येतं. माणसांचं बोलणं तेवढं मधल्यातून येतं.

तिचे हात थांबले.

"मंग तो पैले काहून नाई सांगतला?" ती म्हणाली. आणि फोन तोंडाजवळ आणून, बाबा ऐकतील अशी काही भीती नसतानाही हळूच म्हणाली, "तुया बाबाले दोन वर्सांपासून नीट ऐकू येत नाई. तुले सांगू नोको म्हनत."

मग सगळं सांगितलं. फोनवर माझे शब्द त्यांना उमगत नसत. भलत्याच ठिकाणी हो म्हटलं जाई आणि मग ते दिवसभर गप्प बसत. कानाचं मशीन अमरावतीहून आणलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी कपाटात ठेवून दिलं. मी मस्कतला, एका अनोळखी बंगल्याबाहेर, कंपनीच्या व्हॅनमध्ये बसलो होतो. इतकी वर्षं आवाजाचंच काम केलं आणि एवढं मला कळलं नव्हतं.

मधला स्पीकर तिनं जोडला. मेनू इंग्रजीत होता म्हणून तिनं फोन पडद्यासमोर धरला आणि मी वर, खाली, आणखी एक वर, असं सांगत गेलो. वूफर कमी केला, मधला जितका चढेल तितका चढवला. बातम्या लागल्या होत्या. बाबांनी मान वर केली. मग उठले, खुर्ची ओढली आणि टीव्हीसमोर बसले.

"परतवाड्याकडं ढग हाये म्हंते," ते म्हणाले.

आईनं तोंडाला पदर लावला.

मग मी तिच्याकडून तिचा फोन रिसिव्हरच्या ब्लूटूथला जोडून घेतला, कॉल बंद केला आणि एक निरोप बोलून पाठवला. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. "बाबा, मी बोलून राहिलो," एवढंच निघालं. थोड्या वेळानं आईनं फोन केला. तो निरोप त्यांनी तीनदा लावायला लावला होता. नंतर म्हणाले होते, याचा आवाज भारी झाला.

आता दर शुक्रवारी मी निरोप पाठवतो आणि तो अख्खी गल्ली ऐकते. मला सर्दी झाली की शेजारच्या काकू आईला काढ्याचं विचारतात. बाबाही निरोप पाठवतात, वावराच्या दुसऱ्या टोकाला, धुऱ्यावर उभ्या माणसाला हाक मारावी तसं ओरडून. शेवंतीला कळ्या लागल्या. मोटार दुरुस्त केली. रेकॉर्डिंग बंद कसं करायचं, ते मात्र त्यांना अजून जमत नाही.

गेल्या आठवड्यातला निरोप अकरा मिनिटांचा आहे. पहिलं मिनिट माझ्यासाठी. मग फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज, बादली, आईच्या बांगड्या, गेटची कडी. बराच वेळ काहीच नाही, नुसती आमच्या अंगणातली दुपार. कामावरून खोलीवर आलो की मी तेच लावतो आणि डोळे मिटून बसतो. घर कुठं आहे, असं कोणी विचारलं तर मी वलगाव सांगतो, पण मनात ही दहा मिनिटं असतात. त्यात माझ्याशी कोणी बोलत नाही. नवव्या मिनिटाला आई बाबांना ऐकू जाईल असं ओरडून विचारते, पोरगा काय म्हणत होता.

"बरा हाये म्हंते," बाबा सांगतात. मग थांबून, स्वतःशीच बोलावं तसं म्हणतात, "पन आवाजावून वाटते, जेवला नसन."