मिस्फाचं पाणी बाबांनी वळवलं

आई गेल्यावर बाबांना कुडाळजवळच्या गावातल्या माडा-पोफळींच्या आगरातून मस्कतला आणलं, ते कायमचं ठेवून घ्यायच्या हट्टानेच. पण अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये माणूस नुसता खिडकीशी बसून. विचारलं की उत्तर एकच, "बघूया." म्हटलं, यांना डोंगरातलं मिस्फा हे हिरवंगार गाव दाखवते, मग बघू कसे रमत नाहीत ते!

ऑक्टोबर संपता संपता ऊन जरा नरमलं. नवरा ड्युटीवर, म्हणून शुक्रवारी सकाळी मीच गाडी काढली. निझवापर्यंत रस्ता लोण्यासारखा. वाटेत मल्याळी हॉटेलात पराठा-ऑम्लेट आणि शंभर बैसांचा कडक चहा घेतला. अल हम्रानंतर चढ आणि वळणं, पण डांबरी रस्ता आहे, साधी गाडी आरामात जाते. गाडी गावाबाहेर लावायची. अंगभर कपडे घाला, लोक अजून राहतात तिथे.

आणि काय गाव हो! खडकावर मातीची घरं, खाली खजूर, केळी, आणि मधून झुळझुळ वाहणारा फलज, म्हणजे तिथला कालवा. मी फोटो काढत सुटले. बाबा पाण्यापाशी थबकले.

"अगो, ह्यो तर पाट!"

महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ते पाटाच्या कडेने चालत सुटले आणि एका सुकलेल्या वाफ्यापाशी बसले. वाफ्याच्या तोंडाला दगड आणि चिंधीचा बोळा होता. मी "बाबा, नको" म्हणेपर्यंत त्यांनी तो काढलासुद्धा. पाणी वाफ्यात शिरलं.

वरून पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले एक आजोबा ओरडत उतरले. माझी तर पाचावर धारण बसली.

"ये पानी किसका, मालूम?" त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

बाबांनी हात जोडले. "हमारे गाव में भी पाट है. सूखा देखा, हात चला गया."

आजोबा हसले. बोळा परत लावला आणि उन्हात रोवलेली काठी दाखवली. तिची सावली ठरल्या खुणेवर जाईपर्यंत पाणी त्यांचं, मग शेजाऱ्याचं. सुक्या वाफ्याची पाळी उद्या. मग कावा, म्हणजे वेलचीची कॉफी, आणि खजूर आले, आणि गावाचा इतिहासही. पूर्वी सगळे याच घरांत राहायचे. मग शाळा आल्या, नोकऱ्या आल्या, लोक खाली नव्या घरांत गेले. घरांना कुलपं लागली, पाण्याची पाळी मात्र कुणी सोडली नाही. त्यांचा मुलगा मस्कतला ऑफिसात आहे, तरी दर शुक्रवारी येतो.

"आदमी नहीं आया, तो खजूर सूखा. फिर घर भी खलास," ते म्हणाले. "तुम्हारा पानी कौन देखता?"



परतताना निझवाच्या अलीकडे बाबा म्हणाले, "तिकीट काढ."

मला रडूच आलं. एवढी धडपड केली आणि मीच त्यांना परतीची वाट दाखवली! रागाने म्हटलं, "काढते. उद्याच काढते."

"दोन काढ," बाबा म्हणाले. "पाटाच्या पाण्याक बंधारो घालूक घरातला माणूस लागता. माझ्या मागसून पाणी खयसून वळवूचा, ता तुका म्हायत नको?"

घरी येऊन आठवडा झाला. फोटो शेकडो आहेत, पण डोळ्यांपुढे तो सुका वाफाच येतो. बाबा आता खिडकीशी बसत नाहीत, बॅग भरतात. मी रजा मागितली तेव्हा साहेबांनी विचारलं, "घरी कार्य आहे का?"

म्हटलं, "हो. आमच्या आगरात पाणी आणायचंय."